नाशिकमध्ये स्मार्ट थर्मोस्टॅट लावावा का? आधी गिझर, मग एसी

प्रश्न थोडक्यात असा. गंगापूर रोडच्या बाजूला शेवटच्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. दीड टनाचे दोन स्प्लिट एसी, त्यांतला एक इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) आणि एक जुना साधा. पंधरा लिटरचे दोन गिझर. घरात चौघं, आजी दिवसभर घरीच. एप्रिल-मेमध्ये बिल चढतं, डिसेंबर-जानेवारीत पुन्हा चढतं. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे भिंतीवर गोल स्मार्ट थर्मोस्टॅट आहे, खोलीचं तापमान बघून यंत्र चालू-बंद करणारा. तसाच मागवला तर वीज वाचेल का, आणि रात्री दोन वाजता गारठून उठणं थांबेल का?

तो मागवू नका. नेस्ट, इकोबी वगैरे थर्मोस्टॅट २४ व्होल्टच्या कंट्रोल तारांवर चालतात. घरभर डक्ट (हवा नेणारे पत्र्याचे मार्ग) टाकलेलं एकच मोठं यंत्र आणि त्याला चालू-बंद करणारा भिंतीवरचा स्विच, अशा घरांसाठी ते बनवलेले आहेत. आपल्या स्प्लिट एसीत ती तारच नसते. इनडोअर आणि आउटडोअर युनिटमधला सिग्नल प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि एसीचा थर्मोस्टॅट इनडोअर युनिटच्या आत आधीपासून बसलेला असतो. हौसेने आणलेल्या अशा थर्मोस्टॅटला वायरमनने २३० व्होल्ट जोडले तर तो तिथेच जळतो. बंगल्यात डक्टेबल एसी असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही आधी यंत्राचा कंट्रोल किती व्होल्टचा आहे ते बघावं लागतं.

आपल्याकडे तेच काम तीन छोट्या वस्तू मिळून करतात: एसीच्या रिमोटची नक्कल करणारा वाय-फाय कंट्रोलर, ज्याला दुकानात आयआर ब्लास्टर म्हणतात, पलंगाजवळ ठेवायचा बॅटरीवरचा तापमान-आर्द्रता सेन्सर, आणि गिझरसाठी वेळेवर चालणारा स्विच. माझं मत विचाराल तर यांतला गिझरचा स्विच सगळ्यात आधी घ्या. नाशिकची थंडी मुंबई-ठाण्यासारखी नावापुरती नसते. पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे त्याहून खाली, आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे हात लावू देत नाही. एसी वर्षातले दोन-अडीच महिने चालतो, गिझर निदान आठ.

दराचा हिशेबही डोळ्यासमोर ठेवा. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांत आहेत: १ ते १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातून वजा होतं. त्यामुळे बिलाला युनिटांनी भागून आलेल्या सरासरी दराने बचत मोजली तर ती कमी दिसते. महिन्याला ३४० युनिट जळत असतील तर पहिली चाळीस युनिटं वाचवण्यात खरी कमाई आहे. त्याखाली तेवढाच खटाटोप केला तर रुपये कमी हाती येतात.

आता गिझर. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ०.७ युनिट लागतं, आणि २ किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी २१ मिनिटं. जानेवारीच्या पहाटे टाकीतलं पाणी १५ अंशांचं असेल तर २४ मिनिटं. २५ लिटरच्या गिझरला याच कामासाठी पस्तीस-चाळीस मिनिटं. म्हणजे आंघोळीच्या तासभर आधी गिझर लावायची सवय निव्वळ सवय आहे.

मात्र लोक समजतात तिथे मोठी गळती नसते. चांगल्या इन्सुलेशनचा गिझर दिवसभर चालू राहिला तर नुसत्या उभ्या पाण्यातून किती वीज जाते, ते बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) स्टार लेबलवर २४ तासांचा स्टँडिंग लॉस म्हणून छापलेलं असतं. स्वतःच वाचून बघा. चांगल्या स्टारच्या गिझरचा आकडा वाटतो तेवढा भयंकर नसतो. सहज टाळता येणारी वीज जाते ती शेवटच्या आंघोळीत. शेवटचा माणूस बादली भरतो, टाकीत तेवढंच थंड पाणी शिरतं, थर्मोस्टॅट लागतो आणि कॉइल ते सगळं पुन्हा तापवते. ते पाणी त्या दिवशी कुणीच वापरत नाही. अर्धं ते पाऊण युनिट, रोज, प्रत्येक बाथरूमला, आणि त्यातली काही उष्णता दुसऱ्या सकाळपर्यंत निघून जाते. दोन गिझर आणि चार महिने धरले तर बरीच युनिटं नुसती टाकीत गार होतात. उपाय फुकट आहे: शेवटचा माणूस आंघोळीला शिरतानाच गिझर बंद. हे माणसाच्या लक्षात राहत नाही, म्हणून टायमर.

चौघांच्या घराचं वेळापत्रक असं बसतं. एक बादली १८ लिटरची आणि आंघोळीचं पाणी ४० अंशांचं धरलं, तर ६० अंशांचं ९ लिटर आणि २० अंशांचं ९ लिटर लागतं. चार बादल्यांना ३६ लिटर गरम पाणी, म्हणजे सुमारे १.७ युनिट. पहिली आंघोळ सहाला असेल तर ५:३५ ला चालू. शेवटची ७:१५ ला असेल तर ७:१० ला बंद. चारही आंघोळी एकाच बाथरूममध्ये एकापाठोपाठ झाल्या तर दुसरा गिझर पेटवायचीच गरज नाही. फक्त दोन आंघोळींमध्ये दहा-पंधरा मिनिटं सोडा. शॉवरचं गणित वेगळं आहे, तिथे बादलीच्या दुप्पट-तिप्पट पाणी सहज जातं.

गिझरच्या आतला थर्मोस्टॅट ५५ ते ६० वर ठेवा. ७५ वर ठेवून पुढे थंड पाणी मिसळण्यात फायदा काहीच नाही, उलट पाइपात गार होणारं पाणी जास्त गरम असतं आणि क्षार लवकर धरतो. गंगापूर धरणाचं पाणी येणाऱ्या भागात क्षाराचा त्रास कमी. बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या बाहेरच्या सोसायट्यांमध्ये दोन वर्षांत कॉइलवर पांढरा थर बसतो. तो थर्मोस्टॅटच्या नळीवरही बसतो, मग त्याला पाण्याचं तापमान उशिरा कळतं, पाणी जास्त तापतं आणि सुरक्षेचा कटआउट उडतो. लोक अशा वेळी थर्मोस्टॅट बदलतात आणि तीन महिन्यांत पुन्हा तोच त्रास. टाकी उघडून क्षार काढणं आणि टाकीऐवजी स्वतः गंजून झिजलेला मॅग्नेशियमचा रॉड बदलणं, हे त्याचं खरं काम. आणि कुणी कटआउट बायपास करून देतो म्हणाला तर त्याला जिन्यातूनच परत पाठवा.

गिझरसाठी स्मार्ट प्लग घेताना ६ किंवा १० अँपिअरचा घेऊ नका. २ किलोवॅट म्हणजे ८.७ अँपिअर, तेही सलग वीस-पंचवीस मिनिटं. १० अँपिअरचा प्लग कागदावर पुरतो, पण आतला रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) आणि सॉकेटची सैल पकड तापते. काही महिन्यांत प्लग पिवळा पडतो, मग वास येतो. १६ अँपिअरचाच घ्या, आणि आठवड्याभराने गिझर चालू असताना त्याला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर दोष बहुतेक वेळा भिंतीतल्या जुन्या सॉकेटच्या पत्तीत असतो. ३ किलोवॅटच्या इन्स्टंट गिझरला प्लगच्या वाटेला जाऊ नये, आणि त्याला टायमरचा उपयोगही नाही.

सगळ्यात चांगली जोडणी म्हणजे डीबीमध्ये (घरातल्या एमसीबींच्या डब्यात) २५ अँपिअरचा टू-पोल कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार उचलणारा चुंबकी स्विच, २३० व्होल्ट कॉइलचा, आणि त्याची कॉइल चालवणारा छोटा स्मार्ट रिले. गिझरचा भार कॉन्टॅक्टर उचलतो, रिलेवर जवळजवळ काहीच येत नाही, शिवाय फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतात. एमसीबी १६ अँपिअरचा, तार निदान २.५ चौरस मिलिमीटर, अर्थिंग तपासलेलं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. हे नसेल तर स्मार्ट काहीही लावण्याआधी ते करून घ्या. रिले स्विचबोर्डामागे बसवायचा असेल तर बोर्डात न्यूट्रल आहे का आणि मागच्या डब्यात जागा आहे का, हे बोर्ड उघडून बघितल्याशिवाय मॉड्यूल विकत घेऊ नका.

आणखी एक सेटिंग हमखास राहून जातं. वीज जाऊन परत आली की स्विचने काय करावं, हे ॲपमध्ये निवडता येतं. बऱ्याच उपकरणांत ते ‘पूर्वी होतं तसं’ असं असतं. गिझरसाठी ते ‘बंद’च करा. नाहीतर सकाळी चालू असताना वीज गेली, तुम्ही गावाला निघालात, दुपारी वीज आली आणि गिझर दोन दिवस एकटाच पाणी तापवत बसला, असं होतं.

एसीकडे वळू. २४ अंशांचा आकडा सगळ्यांनी ऐकलेला आहे: १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसींना चालू होताना २४ वरच सुरू होण्याची सक्ती आहे, आणि एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं बीईई सांगते. पण २४ ही सुरुवात आहे, मुक्काम नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने भारतीय कार्यालयांच्या पाहणीवरून सूत्र मांडलं आहे. कधी एसी, कधी खिडक्या अशा इमारतींसाठी बाहेरच्या तीस दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.२८ ने गुणायचं आणि १७.८७ मिळवायचे. मे महिन्यात सरासरी ३० धरली तर उत्तर २६.३ येतं. ते कार्यालयांचं आहे, झोपेचं नाही, तरी वर छताचा पंखा मंद चालू असेल तर २६-२७ ला बहुतेकांना छान झोप लागते. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) असेल तर हे सुख तीस-पस्तीस वॉटमध्ये मिळतं.

रात्री दोनला गारठण्याचं कारण आकड्यात नाही, सेन्सरच्या जागेत आहे. एसीचा सेन्सर सात-आठ फुटांवर, इनडोअर युनिट जिथून हवा ओढतं तिथे असतो. शेवटच्या मजल्यावर तापलेली स्लॅब संध्याकाळनंतरही कित्येक तास खाली उष्णता सोडत असते, त्यामुळे वरची हवा पलंगाजवळच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी गरम. एसी स्वतःच्या हिशेबाने २४ गाठायला धडपडतो आणि खाली २२ होतात. मध्यरात्रीनंतर स्लॅब निवते, बाहेरची हवा उतरते, झोपेत शरीराचं तापमानही उतरतं, आणि एसीचा आकडा मात्र तोच.

म्हणून सेन्सर पलंगाच्या उंचीवर हवा. बाहेरच्या भिंतीवर नको, एसीच्या थेट झोतात नको, टीव्ही-फ्रिजच्या वर नको. सेन्सर ब्लास्टरच्याच आत असलेली उपकरणं स्वस्त पडतात, पण चार्जरच्या विजेने ती स्वतः तापतात आणि एक-दोन अंश जास्त दाखवतात. बॅटरीवरचा वेगळा सेन्सर बरा. आणल्यावर तो एका रात्री ओळखीच्या थर्मामीटरशेजारी ठेवा आणि जो फरक निघेल तो ॲपमध्ये भरून टाका.

दोन एसींना नियम वेगळे लावायचे. जुन्या साध्या एसीत कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो नाहीतर बंद असतो. त्याचा स्वतःचा आकडा २४ वर ठेवा आणि पलंगाजवळच्या सेन्सरने त्याला चालू-बंद करा: २६.५ ला चालू, २५.५ ला बंद. हे अंतर एका अंशापेक्षा कमी ठेवू नका. एकदा चालू झाला की निदान दहा मिनिटं चालू, बंद झाला की निदान पाच मिनिटं बंद. गॅसचा दाब समान व्हायला तीनेक मिनिटं लागतात. त्याआधी चालू करायला गेलं की कॉम्प्रेसर अडतो, जादा करंट ओढतो आणि ओव्हरलोडचा कटआउट उडतो.

इन्व्हर्टरला असं चालू-बंद करणं म्हणजे त्यासाठी मोजलेले जादा पैसे वाया घालवणं. खोली थंड झाल्यावर तो तीन-चारशे वॉटवर रेंगाळतो आणि तिथेच त्याची कार्यक्षमता सगळ्यात चांगली असते. बंद करून पुन्हा लावला की पहिली पंधरा-वीस मिनिटं जोरात धावतो. त्याचा फक्त आकडा हलवा: पलंगाजवळ २५.५ च्या खाली गेलं की एक अंश वर, २७ च्या वर गेलं की एक अंश खाली, आणि वीस मिनिटांत एकापेक्षा जास्त बदल नको. कोणत्याही एसीचा मुख्य पुरवठा स्मार्ट प्लगने तोडू नका. बंद होण्याची क्रिया अर्धवट राहते, आतली कॉइल ओली राहते आणि महिन्याभरात कुबट वास सुरू होतो.

ब्लास्टरच्या बाबतीत दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. एसीचा रिमोट बटणागणिक अख्खा संदेश पाठवतो: मोड, तापमान, पंखा, सगळं. त्यामुळे ‘तापमान वाढवा’ हे बटण ब्लास्टरला शिकवून काही उपयोग नाही. त्या क्षणी रिमोटवर ‘२५, कूल, मंद पंखा’ असेल तर तेवढंच नोंदवलं जातं. लागणारी प्रत्येक स्थिती वेगळी शिकवा. २४ ते २७ आणि बंद एवढ्यांत भागतं. दुसरी अशी की काही जुन्या रिमोटांवर चालू आणि बंद यांचा संदेश एकच असतो. आजींनी हाताने एसी बंद केला की तुमचा पहाटेचा ‘बंद’ संदेश तो चालू करतो. अशा एसीच्या हवेच्या झडपेजवळ एक स्वस्त सेन्सर चिकटवा. तिथली हवा खोलीपेक्षा आठ-दहा अंशांनी थंड असेल तर एसी चालू आहे, नाहीतर बंद. संदेश पाठवण्याआधी ही खात्री करून घेणारा नियम लावा. जोडताना फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर हवा, बहुतेक ब्लास्टर ५ वर जोडले जात नाहीत. राउटरला मिनी यूपीएस द्या. वळवाच्या वाऱ्यात वीज जायची ती जातेच. निदान ती परत येताच कंट्रोलरला नेट मिळावं.

मेमधल्या रात्रीचं वेळापत्रक इथल्या हवेला धरून ठेवा. नाशिकची दुपार चाळिशीला टेकते, पण हवा कोरडी असल्याने सूर्य मावळला की बाहेर झपाट्याने उतरतं. आतली खोली मात्र तापलेलीच असते. आठ ते साडेनऊ खिडक्या उघड्या, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू. बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा दोन अंशांनी कमी झालं की ‘खिडक्या उघडा’ अशी सूचना फोनवर येईल असा नियम लावता येतो. मला विचाराल तर सगळ्या ॲपमधली हीच सूचना सर्वात कामाची. साडेनऊला खिडक्या बंद, इन्व्हर्टर एसी २६ वर (जुन्याला वरचाच चालू-बंदचा नियम), पंखा मंद. दोनला २७. साडेचारला एसी बंद, पंखा तसाच. साधा एसी बंद होताना खिडकी उघडायला कुणी उठणार नाही, म्हणून दाराखालची फट बुजवू नका.

कूलरवाल्यांसाठी: एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर एसीच्या वीज-वापराच्या छोट्या हिश्श्यात काम करतो. त्याला आर्द्रतेचा नियम लावा, ६० टक्क्यांवर गेली की पाण्याचा पंप बंद. त्याच खोलीत एसी आणि कूलर एकदम लावू नका. कूलरने हवेत घातलेलं पाणी एसीला पुन्हा काढावं लागतं. जूनच्या पहिल्या पावसानंतर कूलरचा खेळ संपतो. तेव्हा २६ अंशांतही चिकचिक होते आणि तिथे तापमानाचा नियम फसतो. ‘आर्द्रता ६५ च्या वर आणि तापमान २५ च्या वर’ असा जोड नियम लावून एसी ड्राय मोडवर (हवेतली ओल काढण्यावर) घाला.

फोनच्या ठिकाणावरून ‘घरी कुणी नाही’ ओळखणारी सोय तुमच्या घरात बंदच ठेवा. आजींच्या फोनवर ॲप नाही. तुम्ही दोघं बाहेर पडलात की भर दुपारी त्यांचा एसी बंद होईल. हालचाल टिपणारा सेन्सरही झोपलेल्या माणसाला रिकामी खोली समजतो. आजींच्या हातात साधा रिमोट राहू द्या आणि हाताने केलेला बदल दोन तास मोडायचा नाही असा नियम ठेवा.

खरेदीचा क्रम असा लावा. पहिल्या महिन्यात एका बाथरूमचा गिझर टायमर. एसीच्या मोसमाआधी दोन्ही एसींच्या जाळ्या धुऊन घ्या, आणि मोसमात दर पंधरा दिवसांनी. बांधकामं चालू असलेल्या भागात आठवड्याने. आउटडोअर युनिट इमारतीच्या पाइपांच्या डक्टच्या चिंचोळ्या जागेत असेल तर ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतं, तिथे कुठलाही थर्मोस्टॅट हात टेकतो. मग जुन्या एसीच्या खोलीत एक ब्लास्टर आणि एक सेन्सर. दोन्ही मिळून साधारण दोन-तीन हजारांत होतात. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारा) बसलेला असेल तर बिलावर दिवसाच्या वेळेची सवलत दिसते का बघा; घरी असणाऱ्यांची आंघोळ आणि वॉशिंग मशीन नऊनंतर ढकलता येतात. सवलतीसाठी आदल्या दुपारी पाणी तापवून ठेवू नका, पहाटेपर्यंत त्यातली काही उष्णता वाया गेलेली असेल.

फरक पडला का, हे ॲपमधल्या बचत दाखवणाऱ्या हिरव्या पानांच्या चित्रांवरून ठरवू नका. मीटरवर ‘एका युनिटला ३२००’ अशासारखा लुकलुकण्यांचा आकडा छापलेला असतो. ३२०० असेल तर मिनिटाला ५३ लुकलुकी म्हणजे एक किलोवॅट. बाकी घर बंद करून एसीचा भार असा मोजता येतो. मग रात्री झोपताना आणि सकाळी गिझर लागायच्या आधी मीटरचं रीडिंग लिहा, शेजारी त्या दिवसाचं कमाल तापमान. दहा रात्री जुन्या पद्धतीने, दहा रात्री नव्या नियमाने, आणि सारख्या उष्णतेच्या रात्रींचीच तुलना. रात्रीमागे एक युनिटाचाही फरक दिसत नसेल तर दुसऱ्या खोलीसाठी ब्लास्टर घेऊ नका. तेच पैसे सोसायटीची परवानगी काढून तुमच्या बेडरूमवरच्या गच्चीला पांढरं उष्णतारोधक कोटिंग करण्यात घाला.